दोन सिद्दी दौलतींचा ताळेबंद

सुरतेहून मुंबईच्या दिशेने निघालेली पॅसेंजर गाडी उधना, भेस्तान मागे टाकून सचिनला थांबते. फलाटावर उतरणाऱ्या गर्दीत अहिराणी, भोजपुरी, उडिया असे सगळे कानावर येते. बहुतेकांचे पाय जीआयडीसीच्या वसाहतीकडे वळतात. १९४८पर्यंत हे गाव एका वेगळ्या राज्याचे होते आणि त्या राज्याचा नवाब सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा होता. त्याच घराण्याची दुसरी, जास्त प्रसिद्ध शाखा कोकण किनाऱ्यावर मुरूडसमोरच्या जलदुर्गातून राज्य करत होती. जंजिऱ्याचे नाव मराठी माणसाला शिवकालापासून तोंडपाठ आहे. सचिनची गादी जंजिऱ्याच्या भाऊबंदकीतून आणि पेशव्यांच्या एका फसलेल्या व्यवहारातून उभी राहिली, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

लहान देश जगतात कसे, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. त्यासाठी लोक मोनॅको, नाउरू, तुवालू अशी नावे घेतात. पण आपल्याच किनाऱ्यावर, एकाच रक्ताची, दोन वेगळ्या शेजारांत वाढलेली दोन चिमुकली राज्ये होती. आकाराने त्यांना त्या पंगतीत बसवायला हरकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी नोंदींनुसार सचिनचे क्षेत्रफळ ४२ चौरस मैल होते, म्हणजे सुमारे १०९ चौरस किलोमीटर. सान मारिनोपेक्षा मोठे आणि लिख्टेनश्टाइनपेक्षा लहान. जंजिऱ्याचे क्षेत्रफळ, काठेवाडातला जाफराबादचा तुकडा सोडून, ३२४ चौरस मैल होते. आजच्या सिंगापूरपेक्षाही थोडे जास्तच. दोन्ही राज्ये सार्वभौम नव्हती. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण इंग्रजांच्या हाती होते. पण सारा, जकात, अबकारी, न्यायालयाचे स्टँप, जंगल, दरबाराचा खर्च हे सगळे त्यांचे त्यांना पाहावे लागे. सचिनला स्वतःचे नाणे, स्वतःचा स्टँपपेपर आणि स्वतःचे घोडदळ होते. त्यामुळे या दोघांचा ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून वाचता येतो.

तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. लहान राज्याची मोठी कमाई त्याच्या स्वतःच्या जमिनीतून क्वचितच निघते. ती शेजारच्या मोठ्या सत्तेच्या गरजेतून निघते. गरज संपली किंवा दुसऱ्या कोणी भागवली, की लहान राज्याला आपली जमीन आठवते.

सुरतेच्या तिजोरीवर जंजिऱ्याचे आरमार

सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. तापीच्या मुखात गाळ असला तरी सुवाळीच्या नांगर टाकण्याच्या पट्ट्याच्या भरवशावर इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी, तुर्की-अरब व्यापारी आणि हजला निघालेली जहाजे तिथे जमत. मोगलांकडे घोडदळ होते, तोफखाना होता, खजिना होता; नव्हते ते आरमार. जमिनीवरच्या बादशाहीला समुद्रावर कोणीतरी राखणदार हवा होता.

जंजिऱ्याच्या सिद्दीकडे नेमके तेच होते. निजामशाही आणि मग आदिलशाहीच्या छत्राखाली दंडा-राजपुरीच्या खाडीत त्यांनी आपले बस्तान बसवले होते. १६७०च्या सुमारास सिद्दी फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायच्या विचारात असताना त्याच्याच सरदारांनी त्याला बाजूला सारले आणि मोगलांची चाकरी पत्करली. तेव्हापासून सिद्दी हा मोगलांचा दर्यासारंग झाला आणि आरमार पोसण्यासाठी त्याला सुरतेच्या महसुलातून दरसाल तनखा मिळू लागला. १६६४ आणि १६७० अशी दोन वेळा शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती. जंजिऱ्यासमोर मराठ्यांचा पद्मदुर्ग उभा राहिला, पुढे १६८२च्या वेढ्यात संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून किल्ल्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला. जंजिरा पडला नाही याची कारणे सांगताना आपण तटाची उंची, बुरुज आणि कलाल बांगडी तोफ यांचे वर्णन करतो. या यादीत सुरतेचा खजिनाही धरायला हवा. किल्ल्याभोवतीचा मुलूख उजाड झाला तरी शिबंदीचा पगार शेकडो मैल उत्तरेकडच्या जकातनाक्यांवर जमा होत होता. मुलखाच्या साऱ्यावर जगणारा किल्लेदार वेढ्यात उपाशी पडतो. सिद्दीची रसद समुद्रमार्गे येत होती आणि तिचा पैसा दुसऱ्याच्या तिजोरीतून.

या कमाईची छाप राज्याच्या रचनेवरही पडली होती. जंजिऱ्याचा प्रमुख मेला की त्याचा मुलगा आपोआप गादीवर बसत नसे. आरमारातल्या सरदारांपैकी ज्याचा वकूब आणि पाठिंबा जास्त, तो पुढे येई. शेतसाऱ्यावर उभे असलेले राज्य वारशाने चालू शकते, कारण शेत जागचे हलत नाही. आरमाराची चाकरी विकणाऱ्या राज्याला मात्र नालायक वारस परवडत नाही. जहाजे चालली नाहीत तर तनखा थांबतो.

तनखा देणारा नेहमी खुशीने देत असे असेही नाही. सुरतेचे सुभेदार हात आखडता घेत आणि सिद्दी वसुलीचा आपला मार्ग शोधत. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात थकबाकीवरून भांडण पेटले तेव्हा ज्या जहाजांची राखण करायची तीच जहाजे सिद्दीने अडवून धरली. पुढे तर सुरतेच्या किल्ल्यावरच सिद्दी सरदारांनी ताबा मिळवला.

याच काळात कोकणातली जमीनही आकसली. बाजीरावाच्या मोहिमेनंतर, १७३६ साली चिमाजी अप्पांनी सिद्दी सात याला युद्धात मारले, आणि झालेल्या वाटणीत सिद्दीच्या अकरा महालांपैकी साडेपाच महालांचा हिस्सा मराठ्यांकडे गेला. ज्या पेशवे घराण्याने ही वाटणी घडवली, त्याची श्रीवर्धनची देशमुखी मुळात सिद्दीच्याच मुलखातली. बाळाजी विश्वनाथ तिथून निघाले ते सिद्दीच्या जाचाला कंटाळून. महसुलाचा तपशील ठाऊक असलेल्या माणसांनीच पुढे त्याचा अर्धा वाटा मागितला, असे म्हणायला जागा आहे.

निर्णायक घाव मात्र सुरतेत बसला. मार्च १७५९मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला सिद्दीकडून घेतला. मग बादशाही सनदेने किल्लेदारी आणि आरमाराचे काम हे दोन्ही, दोन लाखांच्या वार्षिक तनख्यासकट, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावे झाले. बंदराची गरज संपली नव्हती. तिला दुसरा, जास्त ताकदवान राखणदार मिळाला होता. जवळजवळ नव्वद वर्षे जंजिऱ्याच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला असलेली सर्वांत मोठी नोंद तिथे पुसली गेली.

पेशव्यांनी घेतलेला कागद

यानंतर एका पिढीत जंजिऱ्यात वारशाचा तंटा उभा राहिला. सिद्दी अब्दुल रहीमच्या मृत्यूनंतर गादीवर मुलाचा हक्क की सरदाराचा, हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. मुलगा अब्दुल करीम खान, ज्याला बाळू मियाँ म्हणत, बाजूला पडला आणि सिद्दी जोहरने किल्ला धरून ठेवला. बाळू मियाँने पेशव्यांकडे धाव घेतली.

नाना फडणवीसांच्या दृष्टीने ही चालून आलेली संधी होती. जो किल्ला शंभर वर्षे तोफांनी पडला नाही, तो दस्तऐवजाने मिळेल असे दिसत होते. ६ जून १७९१ रोजी करार झाला. बाळू मियाँने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळ वर्षाला सुमारे ७५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख घेतला. इंग्रजांनी मध्यस्थी केली. पुढे दिल्लीच्या बादशहाकडून नवाब हा किताबही आला. हेच सचिन संस्थान.

सुरतेभोवतीच्या परगण्यांना मराठी दप्तरात सुरत अठ्ठाविशी म्हणत. तिथल्या वसुलीत पेशवे आणि गायकवाड दोघांचे वाटे होते. त्यातलीच काही गावे निवडून दिल्यामुळे सचिनचा नकाशा सलग कधी झालाच नाही. एक गाव इथे, दुसरे तिथे. मध्ये इंग्रजी मुलूख किंवा बडोद्याचा. हा नकाशा काढताना नदी, डोंगर, भाषा यांतले काहीच पाहिले नव्हते. अमुक एवढे उत्पन्न भरले पाहिजे, एवढीच अट होती. राज्य आधी आणि महसूल नंतर असा नेहमीचा क्रम. इथे महसुलाचा आकडा आधी ठरला आणि तो भरेपर्यंत राज्य मोजून दिले गेले.

पेशव्यांच्या पदरी काय पडले? सिद्दी जोहरने तो करार जुमानला नाही आणि जंजिरा पेशव्यांच्या हाती शेवटपर्यंत आला नाही. पुण्याने रोख उत्पन्न देऊन एक दावा विकत घेतला, आणि तो वसूल होण्याआधी पेशवाईच संपली. या व्यवहारात कमावले ते फक्त बाळू मियाँने. त्याच्याकडे ना किल्ला होता, ना आरमार, ना प्रजा. होता तो केवळ एक वादग्रस्त हक्क. पण तो हक्क एका मोठ्या सत्तेला हवा होता. त्या हव्यासाच्या किमतीत दीडशे वर्षे टिकलेले संस्थान उभे राहिले.

अशा व्यवहारांचे एक युरोपीय उदाहरण शेजारी ठेवण्यासारखे आहे. मोनॅकोच्या राजाने १८४८च्या उठावात मंतों आणि रोकब्रून ही गावे गमावली आणि १८६१मध्ये ती फ्रान्सला विकून टाकली. नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी आणि लिंबू-ऑलिव्हचे उत्पन्न गेले. उरलेल्या इवल्याशा तुकड्यावर त्याने १८६३मध्ये जुगारघर उघडले आणि काही वर्षांतच प्रजेवरचा प्राप्तिकर माफ केला. फ्रान्समध्ये जुगारावर बंदी होती. मोनॅकोने ती गरज आपल्या हद्दीत भागवली. सिद्दीने मोगलांना आरमार विकले, बाळू मियाँने पेशव्यांना हक्क विकला, मोनॅकोच्या ग्रिमाल्दी घराण्याने फ्रेंचांना करमणूक विकली. माल वेगळा, धंदा एकच.

माड-पोफळी आणि काळी जमीन

एकोणिसाव्या शतकात दोन्ही राज्यांचे राजकीय मोल उतरले. इंग्रजी सत्तेच्या शांततेत ना आरमाराला गिऱ्हाईक राहिले, ना हक्काच्या कागदाला. १८३४मध्ये इंग्रजांनी जंजिरा आपल्या अमलाखाली असल्याचे जाहीर केले आणि तिथली टांकसाळ बंद केली, कारण तिथून हिणकस नाणी बाहेर पडत. ज्या राज्याची मोठी कमाई बुडाली आहे, त्याने नाण्यातली चांदी कमी करून भर काढावी, यात नवल नाही. आजही तंगीतली सरकारे नोटा छापतात. टांकसाळ गेल्यावर तोही मार्ग बंद झाला. पुढे कारभारातल्या गोंधळामुळे फौजदारी अधिकारही काही काळ नवाबाकडून काढून घेतले गेले आणि कुलाब्याचा कलेक्टर जंजिऱ्याचा पोलिटिकल एजंट झाला. सचिनचीही तीच गत. गादीवर कर्ज चढले, ते फेडण्यासाठी कारभार इंग्रजी देखरेखीखाली गेला आणि सुरतेचा कलेक्टर बांसदा, धरमपूर आणि सचिन या तिघांचा एजंट म्हणून वर बसला.

आता दोघांना जमिनीवर जगायचे होते, आणि इथे दोन भावंडांची वाट वेगळी होते.

१९०१च्या खानेसुमारीत जंजिऱ्याची लोकसंख्या ८५,४१४ भरली आणि सचिनची २०,५३०. दर चौरस मैली जंजिऱ्यात सुमारे २६४ माणसे होती, तर सचिनमध्ये ४८९. जंजिऱ्याचा मोठा भाग डोंगर आणि जंगलाचा. शेती खाचरांतल्या भाताची आणि वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीची. किनाऱ्याच्या वाळूत नारळ आणि त्याच्या सावलीत पोफळी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीने बाजारात स्वतःचे नाव केले. काथ्याचे दोर, जाडीभरडी लुगडी, मुंबईला जाणारे जळाऊ लाकूड, कोळ्यांची मासळी हा बाकीचा माल. सचिनमध्ये दक्षिण गुजरातची काळी जमीन होती. ज्वारी, भात, कापूस आणि डुमसकडचा थोडा किनारा.

एकरी उत्पन्नात सचिन सरस, विविधतेत जंजिरा सरस. पण खरा फरक रस्त्याचा होता. मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४पर्यंत पुरा झाला आणि सचिनच्या हद्दीतून गेला. नवाबाला त्यासाठी काही करावे लागले नाही. दोन मोठ्या शहरांच्या मध्ये असणे एवढेच पुरेसे होते. जंजिऱ्यात रेल्वे कधी आली नाही. मुरूड, श्रीवर्धनचा माल आणि माणूस दोन्ही आगबोटीने मुंबईला जात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की चार महिने तो मार्गही बंद. समुद्र हाच ज्या राज्याचा राजमार्ग होता, त्याच्यासाठी रेल्वेच्या युगात तो समुद्र अडसर झाला.

मात्र आडवाटेला असण्याचेही काही फायदे असतात. सचिनची गावे इतकी विखुरलेली होती की जकात आणि अबकारी ही लहान राज्याची नेहमीची साधने तिथे नीट चालणे अवघड. दहा पावलांवर दुसऱ्याची हद्द असेल तर आपल्या हद्दीत दारू महाग करून गिऱ्हाईक टिकत नाही आणि स्वस्त केली तर शेजारचे सरकार डोळे वटारते. जंजिऱ्याची हद्द सलग होती, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. त्यामुळे त्याला स्वतःची अशी अंतर्गत बाजारपेठ, स्वतःचे तालुके, स्वतःची नोकरशाही उभारता आली. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे आजचे तालुके त्याच चौकटीतून आले. सर सिद्दी अहमद खान यांच्या दीर्घ कारकिर्दीत मुरूडला राजवाडा आणि शाळा उभ्या राहिल्या; शालोम बापूजी इस्रायल हे बेने इस्रायली गृहस्थ तिथे कारभारी झाले. नवाबाच्या शिकारीसाठी राखलेले फणसाडचे रान १९८६मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आजूबाजूचे डोंगर मुंबईच्या चुलींसाठी उघडे होत असताना हा तुकडा वाचला, तो दरबारी चैनीमुळे. ताळेबंदात खर्चाच्या बाजूला लिहिलेली एखादी नोंद शंभर वर्षांनी जमेत येते, ती अशी.

मानमरातबाचा ताळेबंद वेगळाच होता. जंजिऱ्याला ११ तोफांची सलामी, सचिनला ९. पहिल्या महायुद्धात सचिनचे नवाब इब्राहिम महंमद याकूत खान पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर गेले. ज्यांच्या पूर्वजांना त्या किनाऱ्यावरून इकडे आणले गेले, त्यांचा वंशज इंग्रजांच्या गणवेशात तिकडे परतला. मोठ्या सत्तेला जे हवे ते पुरवायचे, हा घराण्याचा जुना रिवाज त्यांनी नव्या परिस्थितीत चालवला. फक्त मोबदला आता तनख्याऐवजी तोफांच्या संख्येत मिळत होता.

माणसांची निर्यात

दोन्ही राज्यांचा सर्वांत मोठा माल कोणत्याच दरबारी अहवालात निर्यात म्हणून नोंदलेला नाही. तो म्हणजे माणूस.

जंजिऱ्याच्या खाचरांत सगळ्यांना पुरेल इतके पिकत नव्हते. कुणबी गिरणीत गेला, कोकणी मुसलमान खलाशी म्हणून बोटीवर चढला, बेने इस्रायली मुंबईत कारकून, सुतार, शिपाई झाला. दर महिन्याला पोस्टातून मनिऑर्डर येई आणि तिच्यावर सारा, सावकार आणि लग्नकार्ये निभावत. नवाबाचा महसूल कागदावर शेतातून येत होता; प्रत्यक्षात त्यातला काही भाग परळ-लालबागच्या साच्यांवर तयार होत होता.

सचिनची माणसे आणखी लांब गेली. जुन्या राजधानीच्या लाजपोर गावातले सुन्नी वोहरा व्यापारी रंगून, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका इथे पोचले. त्यांचे वंशज आज ब्रिटनमध्येही आहेत. सुरतेच्या आसपासच्या अनेक गावांप्रमाणे तिथेही मशिदी, मदरसे, वाडे परदेशी कमाईतून बांधले गेले. मुरूडचा माणूस मजूर म्हणून जवळ गेला आणि दरमहा थोडे पाठवत राहिला. लाजपोरचा दुकानदार म्हणून दूर गेला आणि कधीतरी मोठी रक्कम घेऊन आला. पहिल्याने घरातली चूल पेटती ठेवली, दुसऱ्याने गावाचा चेहरा बदलला.

पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटांचा अभ्यास करताना बर्ट्राम आणि वॉटर्स या दोन अभ्यासकांनी १९८५मध्ये एक नमुना मांडला. या देशांत शेती-उद्योगापेक्षा स्थलांतर, परगावहून येणारा पैसा, परकी मदत आणि सरकारी नोकऱ्या या चार खांबांवर घरे उभी असतात, असे त्यांचे म्हणणे. कोकणातल्या कोणत्याही जुन्या पोस्टमनला यातले पहिले दोन खांब समजावून सांगायची गरज पडली नसती. त्या बेटांनाही शेवटी शेजारच्या गरजेवरच जगावे लागले. तुवालूने समुद्रातले मासेमारीचे परवाने आणि इंटरनेटवरचे आपले ‘डॉट टीव्ही’ हे नाव भाड्याने दिले. नाउरूने २१ चौरस किलोमीटरच्या बेटावरचा फॉस्फेट खत म्हणून विकला, काही वर्षे श्रीमंती भोगली आणि खाणी संपल्यावर दिवाळे काढले. विकायचा माल जमिनीत असेल तर तो संपतो; माल म्हणजे जागा किंवा हक्क असेल तर तो टिकतो, पण त्याची किंमत दुसरा ठरवतो.

सत्ता गेल्यावर

जानेवारी १९४८च्या अखेरीस नानासाहेब पुरोहितांच्या नेतृत्वाखालच्या तुकड्यांनी म्हसळा, श्रीवर्धन ताब्यात घेतले. तरुण मोहन धारियाही त्या लढ्यात होते. ३१ जानेवारीला नवाबाने सामीलनाम्यावर सही केली. सचिनचे विलीनीकरण त्याच वर्षी, ८ मार्च रोजी कागदोपत्री आणि शांतपणे झाले. दोन्ही मुलूख मुंबई प्रांतात गेले. १ मे १९६० रोजी भावंडे पुन्हा वेगळी झाली: जंजिरा महाराष्ट्रात, सचिन गुजरातेत, आणि जंजिऱ्याचे जाफराबादही गुजरातेत. १९७१मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले.

पुढची कहाणी पुन्हा शेजाऱ्याची आहे. सुरत कृत्रिम धाग्याच्या कापडात आणि हिऱ्यांच्या पैलूंत देशात पुढे गेली. तिला गिरण्यांसाठी, रंगाई-छपाईच्या कारखान्यांसाठी, रसायनांसाठी जागा हवी होती. लोहमार्गावरचे सचिन त्यासाठी हाताशी होते. तिथे मोठी औद्योगिक वसाहत झाली, आणि २०००च्या सुमारास हिरे-दागिन्यांच्या निर्यातीसाठीचे खासगी विशेष आर्थिक क्षेत्रही. अशा क्षेत्राचे कायद्यातले स्थान मजेदार आहे: जकातीच्या कामापुरते ते भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचे मानले जाते. ज्या सचिनच्या विखुरलेल्या हद्दी पुसायला दीडशे वर्षे लागली, तिथे कुंपण घालून पुन्हा एक जकातीची सीमा आखली गेली.

धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोलीत राहतात आणि त्यांतले कितीतरी जण या कारखान्यांत राबतात. एके काळी माणसे बाहेर पाठवणारा मुलूख आता माणसे आत घेतो. या सोयीची किंमतही तिथेच मोजली जाते. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे टँकरमधून नाल्यात सोडल्या जाणाऱ्या रसायनातून वायू पसरला आणि सचिनच्या वसाहतीत सहा कामगार मेले. शहराला नको असलेले सामावून घेणे हीसुद्धा शेजाऱ्याची एक गरजच असते.

जंजिऱ्याकडे अशी गरज उशिरा आली आणि वेगळ्या रूपात आली. मुंबई-पुण्याला शनिवार-रविवारसाठी समुद्र हवा होता. राजपुरीच्या होड्या, मुरूड-काशिद-दिवेआगरच्या खोल्या, खानावळी हा आज तिथला चालता धंदा आहे. रेल्वे आली नाही म्हणून जे मागे पडले, तेच आता विकले जाते. पण मूळ आधार अजून बागाच आहेत, हे ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दाखवून दिले. श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. नव्या पोफळीला धरते व्हायला सात-आठ वर्षे लागतात. तेवढा काळ मालकाला दुसरी कमाई शोधावी लागते, आणि ती बहुधा परगावीच सापडते.

आता राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिऱ्याच्या समोरच्या बाजूला, दिघी बंदर आहे. २०२१मध्ये अदानी समूहाने ते ७०५ कोटी रुपयांना घेतले आणि २०२४मध्ये केंद्र सरकारने दिघी परिसरात औद्योगिक शहराला मंजुरी दिली. मोठ्या सत्तेला त्या खाडीची गरज पुन्हा भासू लागली आहे. सतराव्या शतकात ती गलबतांसाठी होती, आज ती कंटेनरसाठी आहे.

सौदा कोण करतो

मग १९४८पूर्वीच्या आणि नंतरच्या ताळेबंदात फरक काय? कमाईचे मूळ बदललेले नाही. सचिन अजून सुरतेच्या निकडीवर चालते, मुरूड-श्रीवर्धन अजून मुंबईच्या. बदलला आहे तो सौदा करणारा पक्ष.

सिद्दीने मोगलांशी बोलणी केली, थकबाकी राहिली तेव्हा जहाजे अडवली. बाळू मियाँने आपला निकामी दिसणारा हक्क पेशव्यांना पुऱ्या किमतीत विकला. ही माणसे प्रजेच्या कल्याणासाठी झटत नव्हती. मिळालेल्यातले बरेचसे दरबारात आटले आणि मनिऑर्डरीवर जगणाऱ्या कुणब्याला त्यातले काही पोचले नाही. राजेशाही गेल्याचे दुःख करण्यासारखे इथे काही नाही. पण लहान मुलखाच्या वतीने मोठ्या शेजाऱ्यासमोर बसून किंमत सांगणारी एक खुर्ची होती, आणि तिच्यावर बसणारा बदलायच्या ऐवजी खुर्चीच उचलली गेली. २०२०मध्ये सचिनचा परिसर सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत गेला. दिघीच्या करारांत मुरूड किंवा श्रीवर्धनची नगरपरिषद पक्षकार नाही. बंदरातून जाणाऱ्या मालावर त्यांचा काही हिस्सा नाही, नाल्यात सांडलेल्या रसायनाबद्दल सचिनच्या रहिवाशांनी वसूल करावी अशी काही जकात नाही.

लहान देशांचे अर्थकारण वाचताना आपल्याला त्यांच्या आकाराचे कौतुक वाटते: एवढासा मोनॅको आणि एवढा श्रीमंत. त्यांच्या श्रीमंतीत आकारापेक्षा मोठा वाटा नकार देण्याच्या अधिकाराचा आहे. तुवालू परवाना नाकारू शकतो, म्हणून परवान्याला किंमत येते. आपल्या तालुक्यांना वेगळे देश होण्याची गरज नाही. मात्र ज्या खाडीवर, ज्या रानावर, ज्या नाल्यावर मोठ्यांची कामे चालतात, त्यांच्या उत्पन्नात ठरलेला वाटा आणि नुकसानीत ठरलेली भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क तिथल्या निवडून आलेल्या संस्थांना देता येतो. खनिजाच्या जिल्ह्यांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या रूपाने २०१५पासून असा वाटा मिळतो. बंदराच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या गावांनाही तो का मिळू नये, हा प्रश्न सुरत आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांत विचारला गेला पाहिजे. किंमत मागायची असेल तर आधी मागणारा उभा असावा लागतो. बाळू मियाँकडे किल्ला नव्हता, पण सही करायचा अधिकार त्याचा होता. सचिनच्या आणि दिघीच्या रहिवाशांकडे आज तेवढाही नाही.